औषधांस न जुमानणारी जखम

गेल्या वर्षीं माझ्या उजव्या पायाच्या करंगळीस नव्या वहाणेनें एक फोड आला. फोड तो केवढा, तर हरभऱ्याएवढा! मला गेलीं चौदा वर्षें मधुमेह आहे, आणि या विकारांत पायाची संवेदना हळूहळू मंद होत जाते. त्यामुळें तो फोड फुटला केव्हां आणि चिघळला केव्हां, हें मला कळलेंच नाहीं. चार महिन्यांनीं तें प्रकरण संपलें, तेव्हां माझ्या त्या पायाला बोटें चारच राहिलीं होतीं. मी वैद्य नाहीं. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि सारा जन्म मुलांना गणित व भूगोल शिकविण्यांत गेला. परंतु त्या चार महिन्यांत अंथरुणावर पडल्यापडल्या जें वाचलें, डॉक्टरांना पुन्हां पुन्हां विचारून जें समजावून घेतलें, तें आपल्यापुढें मांडावें, म्हणजे निदान एखाद्या घरांत तरी माझ्यासारखी चूक होणार नाहीं, एवढ्याच हेतूनें मी आज बोलत आहें. नेहमींचीं जंतुनाशक औषधें जिच्यावर चालत नाहींत, अशा जखमेला दुसरे कोणते उपाय आहेत, आणि त्यांपैकीं कशावर कितपत भरंवसा ठेवावा, हा आजचा विषय.

प्रथम माझी चूक सांगतों. फोड चिघळल्याचें माझ्या आधीं आमच्या सौभाग्यवतीच्या ध्यानांत आलें. "अहो, आधीं डॉक्टरांना दाखवा, मग काय तें करा," असें तिनें दोनदां सांगितलें. मीं मात्र घरांतल्या बरणींतला मध आणि हळद लावून वर जुन्या धोतराची चिंधी बांधली. कपाटांत एका प्रतिजैविक औषधाच्या पांच गोळ्या उरल्या होत्या. आदल्या वर्षीं ताप आला असतां त्या आणल्या होत्या, आणि दुसऱ्याच दिवशीं ताप उतरतांच घेण्याचें सोडून दिलें होतें. वायां कशाला घालवाव्या, म्हणून त्याही मीं आतां घेऊन टाकल्या. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशीं पायाला दुर्गंधि सुटली, अंगांत हुडहुडी भरली, आणि मुलानें रिक्षांत घालून मला रुग्णालयांत नेलें.

तेथें डॉक्टरांनीं जखमेच्या तळाचा लहानसा तुकडा काढून प्रयोगशाळेकडे पाठविला. तीन दिवसांनीं जो कागद आला, तो एखाद्या निकालपत्रासारखा होता. वर जंतूचें नांव स्यूडोमोनास. खालीं एका बाजूस चौदा औषधांचीं नांवें, आणि प्रत्येकापुढें एक इंग्रजी अक्षर. 'एस्' म्हणजे जंतु या औषधानें मरतो. 'आर्' म्हणजे तो त्यास दाद देत नाहीं. चौदांपैकीं अकरा औषधांपुढें 'आर्' होता. जन्मभर मुलांचे निकाल वाचले, पण हा निकाल वाचतांना माझे हात गार पडले.

जंतु औषधास दाद देईनासा होतो, म्हणजे नेमकें काय होतें? अनुकूल परिस्थितींत कित्येक जंतु अर्ध्या तासाच्या आंत एकाचे दोन होतात. अशा कोट्यवधि जंतूंत दोनचार असे निपजतात कीं, त्यांच्या रचनेंत अल्पसा फरक पडलेला असतो. कोणी औषधाचे तुकडे करणारें द्रव्य तयार करतो, कोणी आंत शिरलेलें औषध पंपानें उपसावें तसें बाहेर टाकतो, आणि कोणी हें कसब शेजारच्या जंतूकडून उसनें घेतो. योग्य औषध योग्य मात्रेनें दिलें, तर बहुतेक जंतु मरतात, आणि उरल्यासुरल्यांचा समाचार शरीराची स्वतःची संरक्षक शक्ति घेते. तेंच अर्धवट दिलें, किंवा गरज नसतां वारंवार दिलें, तर दुबळे मरतात, चिवट उरतात, आणि पुढची सारी प्रजा त्या चिवटांची होते.

ही गोष्ट शास्त्रज्ञांना आज कळली आहे असें नाहीं. पेनिसिलिनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं १९२८ सालीं लावला. तें औषध सर्वत्र वापरांत येण्यापूर्वींच, १९४० सालीं, अब्राहम आणि चेन या दोघां शास्त्रज्ञांनीं पेनिसिलिन नष्ट करणारें द्रव्य कांहीं जंतूंत असतें, असें दाखवून दिलें. १९४५ सालीं नोबेल पारितोषिकाच्या प्रसंगीं केलेल्या व्याख्यानांत खुद्द फ्लेमिंग यांनीं असा इशारा दिला कीं, अपुऱ्या मात्रेनें जंतु मरत नाहींत, उलट औषधास तोंड देण्यास शिकतात. पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या जंतूंसाठीं १९५९ सालीं मेथिसिलिन नांवाचें नवें औषध आलें. १९६१ सालीं त्यालाही न जुमानणारे जंतु इंग्लंडांत सांपडल्याचें प्रसिद्ध झालें. औषधांस दाद न देणाऱ्या जंतूंमुळें २०१९ या एका वर्षांत जगांत सुमारें १२ लाख ७० हजार माणसें दगावलीं, असा अंदाज २०२२ सालीं प्रसिद्ध झाला आहे. हा आंकडा वाचला तेव्हां मला कपाटांतल्या त्या पांच गोळ्या आठवल्या.

जखमेच्या बाबतींत आणखी एक अडचण असते. पोटांत घेतलेलें किंवा शिरेंतून दिलेलें औषध रक्ताबरोबर जातें. परंतु जुन्या जखमेंत, विशेषतः मधुमेह्याच्या पायांत, रक्ताचा पुरवठाच अपुरा असतो. मेलेल्या मांसांत तर रक्त मुळींच जात नाहीं. शिवाय अशा जखमेंत जंतु सुटे रहात नाहींत. विहिरीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरावें, तसा एक बुळबुळीत थर ते स्वतःभोंवतीं तयार करतात आणि त्याच्या आश्रयानें राहतात. या थरांत औषध नीट शिरत नाहीं, आणि आंतील जंतु इतके मंदावलेले असतात कीं, वाढत्या जंतूंना मारणारें औषध त्यांना फारसें बाधत नाहीं. म्हणून पहिला उपाय औषधाचा नव्हे. मेलेलें मांस कापून काढणें, जखम धुणें, पुवाला वाट करून देणें आणि त्या भागावरील भार काढून घेणें, हा होय. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत. त्यांत छेदन, शोधन, बंधन इत्यादि कर्में लेपांच्या बरोबरीनें येतात. आतां पुढें ज्या उपायांविषयीं मी सांगणार आहें, ते सर्व या पहिल्या उपायाचे सोबती आहेत. त्याच्याऐवजीं वापरण्याचे नव्हेत.

प्रथम मधाचा विचार करूं. मध जंतूंना मारक ठरतो, याचीं कारणें आतां ठाऊक झालीं आहेत. त्यांत साखरेचें प्रमाण इतकें मोठें असतें कीं, लोणच्यांतील मिठाप्रमाणें तो जंतूंतील पाणी शोषून घेतो. तो आम्लधर्मी असतो. शिवाय मधमाशीनें त्यांत मिसळलेल्या एका पाचक द्रव्यामुळें, जखमेंतील ओलाव्यानें मध पातळ होतांच, हायड्रोजन पेरॉक्साइड हें जंतुनाशक द्रव्य थोडें थोडें तयार होत राहतें. हे तीन मारे एकदम होत असल्यामुळें जंतूंना त्यांची संवय होणें कठीण जातें. या विषयांतील एक बहुचर्चित प्रयोग आपल्या सोलापुरांतला आहे. तेथील वैद्यकीय महाविद्यालयांतील शल्यचिकित्सक सुब्रह्मण्यम् यांनीं भाजलेल्या १०४ रोग्यांवरील अनुभव १९९१ सालीं ब्रिटिश शल्यचिकित्सकांच्या मासिकांत प्रसिद्ध केला. निम्म्यांना मध लावला, निम्म्यांना रुप्याचें प्रचलित मलम. सात दिवसांत मधाच्या गटांतील ९१ टक्के जखमा जंतुरहित झाल्या, मलमाच्या गटांतील अवघ्या ७ टक्के. हे आंकडे फारच अनुकूल आहेत, म्हणून इतरांनीं ते पुन्हां पुन्हां तपासले. २०१५ सालीं कॉक्रेन या संस्थेनें जगांतील सर्व प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हां असें दिसलें कीं, वरवर भाजलेल्या जखमा मधानें कांहीं प्रचलित पट्ट्यांपेक्षां चारपांच दिवस लौकर भरतात. परंतु मधुमेह्याच्या पायावरील व्रणांसंबंधीं तसें खात्रीनें म्हणतां येत नाहीं.

येथें एक महत्त्वाची गोष्ट सांगितली पाहिजे. रुग्णालयांत वापरतात तो मध आपल्या बरणींतला नव्हे. कच्च्या मधांत हवेवांचून वाढणाऱ्या कांहीं घातक जंतूंचीं बीजें असूं शकतात. म्हणून जखमेसाठींचा मध गॅमा किरणांनीं शुद्ध करून घेतात. उष्णतेनें शुद्ध करावा, तर त्यांतील पाचक द्रव्यच नष्ट होतें. बरणींतल्या मधांत साखरेच्या पाकाची भेसळ असली, तर ती निराळीच.

आंबट पदार्थांचाही उपयोग असाच जुना आहे. माझ्या जखमेंत होता त्या स्यूडोमोनास जंतूला आम्ल सोसत नाहीं. म्हणून पहिल्या महायुद्धांत सैनिकांच्या अशा जखमा, शिरक्याच्या आंबटपणाचें मूळ जें अॅसेटिक आम्ल, त्याच्या सौम्य द्रावणानें धूत असत. लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील नागोबा आणि त्यांचे सहकारी यांनीं लिंबांत असणाऱ्या सायट्रिक आम्लाचा याच जंतूच्या जखमांवर उपयोग केला, आणि आपला अनुभव १९९८ सालापासून वेळोवेळीं प्रसिद्ध केला. प्रमाण शेंकडा तीन. उपाय अगदीं स्वस्त आहे. परंतु शेंकडा तीन म्हणजे शेंकडा तीनच. जखमेवर लिंबू पिळणें म्हणजे हा उपाय नव्हे. प्रमाण वाढलें तर नवीन येणारें कोंवळें मांसही जळतें.

आतां जो उपाय सांगतों, तो ऐकून कित्येकांच्या अंगावर कांटा येईल. पण तो आज युरोप-अमेरिकेंत रीतसर मान्यता पावलेला आहे. तो म्हणजे माशीच्या अळ्यांचा. पहिल्या महायुद्धांत, १९१७ सालीं, विल्यम बेअर नांवाच्या अमेरिकन शल्यचिकित्सकाकडे दोन जखमी सैनिक आले. ते सात दिवस रणभूमीवर अन्नपाण्यावांचून पडून होते. मांडीचीं हाडें मोडलेलीं, पोटाला जखमा, आणि जखमांत अळ्या वळवळत होत्या. परंतु त्यांना ताप नव्हता. अळ्या धुऊन काढल्यावर खालीं स्वच्छ, तांबूस, भरत आलेलें मांस दिसलें. ही गोष्ट बेअर यांच्या मनांत घर करून राहिली. पुढें १९२८ सालापासून बाल्टिमोर येथें हाडांच्या जुनाट दुखण्यानें पीडलेल्या मुलांवर त्यांनीं अळ्यांचा प्रयोग केला. आरंभीं कांहीं रोग्यांना धनुर्वात झाला. तेव्हां अंडीं जंतुरहित करून मगच अळ्या वापरण्याची पद्धति त्यांनीं बसविली. त्यांचा निबंध १९३१ सालीं त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला.

या कामीं लुसिलिया सेरिकाटा या जातीच्या हिरव्या माशीच्या अळ्या वापरतात. त्यांच्या तोंडांतून पाझरणारा रस मेलेलें मांस विरघळवितो, आणि तें त्या शोषून घेतात; जिवंत मांसाला त्या सहसा धक्का लावीत नाहींत. जाळीच्या पुरचुंडींत घालून दोनचार दिवस त्या जखमेवर ठेवतात, मग फेंकून देतात. अमेरिकन सरकारच्या औषध खात्यानें २००४ सालीं त्यांच्या विक्रीस परवानगी दिली. पण येथेंही अतिशयोक्ति नको. इंग्लंडांत पायावरील व्रणाच्या २६७ रोग्यांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाला. सुट्या सोडलेल्या अळ्यांनीं व्रण साधारण १४ दिवसांत स्वच्छ झाले, नेहमींच्या लेपानें ७२ दिवस लागले. परंतु व्रण संपूर्ण भरून येण्यास दोन्ही गटांत सारखाच काळ लागला, आणि अळ्यांच्या गटांत वेदना अधिक झाल्या. म्हणजे अळी ही सफाईदार आहे, वैद्य नव्हे. आणि आपल्या देशांत जखमेंत आपोआप पडणाऱ्या किड्यांना हा उपाय समजण्याची चूक कोणीं करूं नये. येथें अशीही माशी आहे कीं, जिच्या अळ्या जिवंत मांस पोखरीत आंत जातात.

आतां शेवटचा, आणि माझ्या मतें सर्वांत विलक्षण उपाय. जंतूंना त्यांचे स्वतःचे शत्रु असतात. ते म्हणजे जंतूंहून कितीतरी सूक्ष्म असे विषाणु. त्यांना बॅक्टेरिओफेज, म्हणजे जंतुभक्षक, असें नांव आहे. १९१५ सालीं फ्रेडरिक ट्वॉर्ट या इंग्रज शास्त्रज्ञानें त्यांचे परिणाम प्रथम नोंदले, आणि १९१७ सालीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत फेलिक्स देरेल यानें त्यांना हें नांव दिलें. या भक्षकांच्या एका सुप्रसिद्ध जातीची लांबी मिलिमीटरच्या सुमारें पांचहजाराव्या हिश्श्याइतकी आहे. त्याला एक डोकें असतें, खालीं शेपटी, आणि शेपटीच्या टोंकाला कोळ्यासारखे पाय. तो जंतूवर बसतो, शेपटीवाटे आपलें आनुवंशिक द्रव्य आंत सोडतो, आणि जंतूलाच आपलीं पिलें तयार करावयास लावतो. अर्ध्या तासाच्या सुमारास जंतु फुटतो आणि नवे भक्षक बाहेर पडतात.

यांतलें गणित मला फार मौजेचें वाटलें. सोयीसाठीं एका भक्षकाचे अर्ध्या तासांत शंभर होतात असें धरूं. तासाभरांत ते दहा हजार होतील, आणि दीड तासांत दहा लाख. कोणतेंही दुसरें औषध दिल्यानंतर शरीरांत कमी होत जातें. हें औषध जंतु असेपर्यंत वाढत जातें, आणि जंतु संपले कीं तेंही हळूहळू नाहींसें होतें. शिवाय भक्षक आपल्या ठराविक जंतूखेरीज दुसऱ्यास शिवत नाहीं, आणि माणसाच्या पेशींत तर तो वाढूंच शकत नाहीं. म्हणून पोटांतील उपकारक जंतूंचा त्यानें संहार होत नाहीं.

या इतिहासाशीं आपल्या देशाचाही संबंध आहे. आग्र्यास सरकारी रासायनिक परीक्षक असलेल्या अर्नेस्ट हँकिन यानें १८९६ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, गंगायमुनांच्या न उकळलेल्या पाण्यांत पटकीचे जंतु कांहीं तासांतच मरतात, आणि पाणी उकळलें कीं त्याचा हा गुण जातो. पुढें अनेकांनीं याचें श्रेय भक्षकांना दिलें. हँकिन यानें स्वतः तसें म्हटलें नव्हतें, आणि आजचे कांहीं अभ्यासक तो अर्थ मान्य करीत नाहींत. परंतु खुद्द देरेल हा १९२७ सालीं हिंदुस्थानांत आला आणि पंजाबांत पटकीच्या रोग्यांवर त्यानें भक्षकांचे प्रयोग केले, ही गोष्ट निर्विवाद आहे. त्याचा जॉर्जियन मित्र ग्योर्गी एलियावा यानें तिबिलिसी शहरांत १९२३ सालीं स्थापन केलेली संस्था पुढें भक्षकांच्या उपचाराचें मुख्य केंद्र झाली. एलियावा याला १९३७ सालीं स्टालिनच्या राजवटींत गोळी घालण्यांत आली. पण त्याची संस्था टिकली, आणि आजही तेथें देशोदेशींचे रोगी जातात.

इतका चांगला उपाय असून जग त्यास विसरलें कां? कारण भक्षक निवडक असतो. जंतूची एक पोटजात खाणारा भक्षक दुसरीस तोंडही लावीत नाहीं. १९३० च्या सुमारास पाश्चात्य देशांत त्याचीं तयार औषधें विकूं लागलीं, तेव्हां जंतु कोणता हें न पाहतांच तीं दिलीं जात. कित्येक बाटल्यांत जिवंत भक्षक नसत, आणि जेथें जंतूंचा संबंधच नाहीं अशा विकारांवरही त्यांची जाहिरात होई. १९३४ सालीं अमेरिकन वैद्यकसंघाकरितां ईटन आणि बेन-जोन्स यांनीं या औषधांचें प्रतिकूल परीक्षण केलें, आणि लवकरच पेनिसिलिन आलें. एकाच गोळीनें अनेक जंतु मरत असतां प्रत्येक रोग्याचा जंतु ओळखून त्याचा भक्षक शोधण्याचे कष्ट कोण घेणार?

आतां तीच गोळी चालेनाशी झाल्यामुळें ते कष्ट पुन्हां सुरू झाले आहेत. अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या संशोधकांना कनेक्टिकट राज्यांतील डॉज पॉन्ड नांवाच्या तळ्याच्या पाण्यांत स्यूडोमोनासचा एक भक्षक सांपडला. त्याची खुबी अशी कीं, जंतु ज्या पंपानें औषध बाहेर टाकतो, त्याच पंपाला धरून हा भक्षक आंत शिरतो. जंतूनें पंप राखला तर भक्षक खातो; पंप टाकून दिला तर जुनें प्रतिजैविक पुन्हां लागू पडूं लागतें. २०१६ सालीं, छातींतील कृत्रिम रक्तवाहिनीला जंतुसंसर्ग होऊन ज्याची जखम बाहेर वाहत होती, अशा एका वृद्ध रोग्यावर हा भक्षक व प्रतिजैविक मिळून वापरण्यांत आले, आणि तो बरा झाला. गंगेच्या कांठीं, वाराणसीच्या हिंदु विश्वविद्यालयांतही असे प्रयोग झाले आहेत. सहा आठवड्यांवर न भरलेल्या जखमांच्या २० रोग्यांना तेथें भक्षकांचें द्रावण लावण्यांत आलें. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताप्रमाणें सात जणांच्या जखमा एकविसाव्या दिवसापर्यंत पूर्ण भरल्या. हा प्रयोग लहान आहे आणि तुलनेसाठीं त्यांत दुसरा गट नव्हता. म्हणून त्यावरून आशा धरावी, निष्कर्ष काढूं नये.

यशाबरोबर अपयशही सांगितलें पाहिजे, कारण मला खरें शिक्षण त्या अपयशानें दिलें. फ्रान्स आणि बेल्जियम या देशांत भाजलेल्या रोग्यांच्या स्यूडोमोनासयुक्त जखमांवर बारा भक्षकांचें मिश्रण आणि रुप्याचें मलम यांची तुलना करण्यांत आली. एकंदर २७ रोगी. जंतूंचें प्रमाण ठराविक मर्यादेपर्यंत खालीं येण्यास मलमानें ४७ तास लागले, भक्षकांनीं १४४ तास. भक्षक हरले, असें वरवर दिसतें. पण तपासाअंतीं कळलें कीं, दर मिलिलिटरला दहा लाख भक्षक द्यावयाचे ठरलें होतें, आणि द्रावण साठवणींत क्षीण होत गेल्यामुळें रोग्यांना मिळाले ते सुमारें शंभर! दहा हजारांपैकीं एक हिस्सा! भागाकार करून मी थक्क झालों. फ्लेमिंग यांनीं १९४५ सालीं पेनिसिलिनविषयीं जें सांगितलें होतें, तेंच येथें पुन्हां घडलें. औषध जुनें असो कीं नवें, गोळी असो कीं जिवंत भक्षक, अपुरी मात्रा ही जंतूच्याच पथ्यावर पडते.

श्रोतेहो, मला आपल्यापुढें जें एक सांगावयाचें आहे, तें हेंच. प्रतिजैविकांना पर्याय आहेत. ते खरे आहेत, आणि त्यांतले कांहीं आपल्या घरांत व आपल्या ग्रंथांत पूर्वींपासून आहेत. परंतु जंतु कोणता याची ओळख, द्रव्याची शुद्धि आणि मात्रेचें माप या तीन गोष्टी असतील तेव्हांच त्यांना औषध म्हणावें. या तीन गोष्टी सोडल्या म्हणून प्रतिजैविकांची ही दशा झाली. त्या सोडून पर्यायांकडे वळलों, तर त्यांचीही तीच दशा होईल.

माझ्या पायाचें पुढें काय झालें, तें सांगून संपवितों. जंतु हाडापर्यंत गेला होता, म्हणून करंगळी काढावी लागली. मेलेलें मांस दोन वेळां कापून काढलें. ज्या तीन औषधांपुढें 'एस्' होता, त्यांतलें एक शिरेंतून सहा आठवडे दिलें, आणि डॉक्टरांनीं एकही मात्रा चुकूं दिली नाहीं. साखर आटोक्यांत आणली, पायावर भार पडूं नये म्हणून विशेष पादत्राण दिलें, आणि जखम स्वच्छ झाल्यावर तिच्यावर शुद्ध केलेल्या मधाच्या पट्ट्या बांधल्या. पहिल्या दिवशीं ती पट्टी पाहून सौभाग्यवती माझ्याकडे पाहून नुसती हंसली. मीं आठ दिवस मधच बांधला होता. पण त्याच्या खालीं मेलेलें मांस कुजत होतें, आणि आंतला जंतु कोणता, हें मला ठाऊक नव्हतें.

म्हणून घरोघरच्या मंडळींना माझी विनंति आहे. मधुमेह असेल त्यानें रोज रात्रीं आपले तळपाय पहावे. स्वतःला दिसत नसतील तर दुसऱ्याकडून पाहून घ्यावे. जखम दोन दिवसांत सुधारली नाहीं, तिला वास येऊं लागला, किंवा भोंवतालची कातडी तांबडी व ऊन लागूं लागली, तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांकडे जावें; अंगांत ताप भरला तर एक दिवसही वाट पाहूं नये. औषध सुरू करण्यापूर्वीं जंतूची तपासणी करतां येईल काय, हें विचारावें. प्रतिजैविक डॉक्टरांनीं सांगितल्याखेरीज घेऊं नये, सांगितलें तितके दिवस घ्यावें, आणि उरलेल्या गोळ्या पुढल्या दुखण्यासाठीं कपाटांत ठेवूं नयेत. आमच्या कपाटाचा तो कप्पा आतां रिकामा आहे.